ब्रॉडवे गावोगाव जाते तेव्हा

न्यूयॉर्कमधील एखादे गाजलेले संगीत नाटक राष्ट्रीय दौऱ्यावर निघणार अशी घोषणा झाली, की अमेरिकेच्या दूरदूरच्या शहरांत जे चैतन्य पसरते, त्याचा विचार केवळ करमणुकीच्या सदरात करून भागत नाही. हंगामाची यादी जाहीर होण्यापूर्वीच अंदाज बांधले जातात. कोणते नाटक येणार, कोणत्या महिन्यात येणार, मूळ संचातील कोणी नट बरोबर असेल काय, यांवर वाद झडतात. तिकीटविक्रीच्या दिवशी पहाटेपासून रांगा लागतात आणि काही तासांत प्रयोगच्या प्रयोग भरून जातात. ज्या देशात घरबसल्या करमणुकीची साधने जगात सर्वाधिक उपलब्ध आहेत, त्याच देशात जिवंत माणसांनी जिवंत माणसांसमोर करावयाच्या एका खेळासाठी लोकांनी एवढे अधीर व्हावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. या उत्साहाचे कौतुक अवश्य करावे. परंतु त्याचा लाभ अखेर कोणाच्या पदरात पडतो, हेही तपासले पाहिजे.

ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागातील सुमारे ४० नाट्यगृहांचा समूह. तिथे लागणाऱ्या बहुतेक नाटकांचे भांडवल वसूल होत नाही. जी थोडी नाटके यशस्वी होतात, त्यांच्या निर्मात्यांची खरी कमाई पुष्कळदा न्यूयॉर्कबाहेरच्या दौऱ्यात होते. त्यामुळे व्यवसायाच्या भाषेत ज्याला नुसते ‘रस्ता’ असे म्हणतात, तो दौरा म्हणजे ब्रॉडवेचे शेपूट नसून कणा आहे. साधारणपणे आठवड्याला आठ प्रयोग होतात. रविवारी रात्री शेवटचा पडदा पडला, की त्याच रात्री नेपथ्य उतरवून मालमोटारींत भरले जाते आणि मंगळवारी पुढच्या शहरात पडदा उघडतो. स्थानिक संस्था नाटक कंपनीला आठवड्याची ठरावीक रक्कम देते आणि उत्पन्नाचा काही हिस्सा वर देते. वादकांपैकी पुष्कळसे त्या त्या शहरातले घेतले जातात. मराठी नाटकांच्या दौऱ्यांची, ठेकेदारांची आणि तारखांच्या ओढाताणीची ज्यांना माहिती आहे, त्यांना ही व्यवस्था फारशी परकी वाटणार नाही. फरक आहे तो आकारमानाचा.

रेल्वेपासून चित्रपटापर्यंत

हा दौरा काही आजचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्गांचे जाळे पसरले आणि न्यूयॉर्कच्या नाटक कंपन्या आगगाडीने देशभर फिरू लागल्या. जिथे गर्दी तिथे मक्तेदारी हा व्यापाराचा नियमच होय. १८९६ मध्ये सहा व्यावसायिकांनी एकत्र येऊन देशातील प्रमुख नाट्यगृहांच्या तारखा आपल्या मुठीत घेतल्या. ‘थिएट्रिकल सिंडिकेट’ या नावाने ही युती ओळखली जाते. तिच्याशी ज्यांचे पटले नाही त्यांना रंगमंच मिळणे दुरापास्त झाले. विख्यात फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नार हिने सिंडिकेटच्या प्रतिस्पर्ध्यांशी, म्हणजे शुबर्ट बंधूंशी करार केला, तेव्हा तिच्यावर १९०६ मध्ये टेक्सासात चक्क तंबू ठोकून प्रयोग करण्याची वेळ आली. नाट्यगृहांची दारे बंद झाली तरी प्रेक्षक मात्र तंबूत येऊन बसले. सिंडिकेटने नाट्यगृहे ताब्यात घेतली होती. प्रेक्षकांची ओढ काही तिला ताब्यात घेता आली नव्हती.

पुढे ही मक्तेदारी संपली. पण तिच्यापाठोपाठ दौऱ्यांचेही दिवस फिरले. चित्रपट आला, स्वस्त तिकिटात रोज नवा खेळ दाखवू लागला आणि गावोगावची नाट्यगृहे पडद्यासाठी वापरली जाऊ लागली. महाराष्ट्रातही थोड्याफार फरकाने हेच घडले. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतर मराठी नाटक मंडळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत राहिल्या. किर्लोस्कर आणि गंधर्व या मंडळ्यांनी संगीत रंगभूमीला वैभवाच्या शिखरावर नेले. आणि १९३१-३२ च्या सुमारास बोलपट आले तेव्हा त्या वैभवाला ओहोटी लागली.

अमेरिकेत दौऱ्याला नवे आयुष्य लाभले ते १९४३ मध्ये. त्या वर्षी ३१ मार्चला रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीचे ‘ओक्लाहोमा!’ हे नाटक ब्रॉडवेवर आले आणि त्याचे २,२१२ प्रयोग झाले. मूळ संच न्यूयॉर्कमध्ये चालू असतानाच दुसरा संच त्याच वर्षी दौऱ्यावर निघाला आणि पुढे सुमारे दहा वर्षे फिरत राहिला. तेव्हापासून आधी न्यूयॉर्कचे यश, मग राष्ट्रीय दौरा, हा क्रम रूढ झाला. काळाने उगवलेला सूड म्हणावा असा एक प्रकार पुढे घडला. चित्रपटांसाठी १९२० च्या दशकात जे भव्य प्रासाद उभारले गेले, तेच पुढे दौऱ्यावरच्या नाटकांचे मुक्काम झाले. अटलांटा शहरातील १९२९ चे फॉक्स थिएटर १९७० च्या दशकात जमीनदोस्त होण्याच्या बेतात होते. नागरिकांनी मोहीम काढून ते वाचविले. आज तिथल्या साडेचार हजारांहून अधिक खुर्च्यांसमोर ब्रॉडवेची नाटके होतात. ज्या पडद्याने नाटकाला घराबाहेर काढले, त्याच्याच घरात नाटक राहावयास आले!

आधी गाणे, मग नाटक

प्रेक्षकांच्या आजच्या उत्साहाचे स्वरूप समजून घेण्यासाठी ‘हॅमिल्टन’ या नाटकासारखे दुसरे उदाहरण नाही. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचे चरित्र लिन-मॅन्युएल मिरांडा याने रॅप आणि इतर आधुनिक गायनप्रकारांतून रंगभूमीवर आणले आणि राष्ट्राच्या गोऱ्या संस्थापकांच्या भूमिका कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या नटांना दिल्या. ऑगस्ट २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या या नाटकाला २०१६ मध्ये नाट्यलेखनाचे पुलित्झर पारितोषिक आणि ११ टोनी पारितोषिके मिळाली. त्याच वर्षी शिकागोत स्वतंत्र संच उभा राहिला. मार्च २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून पहिला दौरा निघाला, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सिअ‍ॅटलहून दुसरा. दौऱ्यांच्या संचांना नाटकातल्याच पात्रांची नावे देण्यात आली, आणि रसिक या संचांची तुलना क्रिकेटच्या संघांप्रमाणे करू लागले.

यातील लक्षात घेण्याजोगा भाग हा, की तिकिटासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बहुसंख्य लोकांनी नाटक पाहिलेले नव्हते. परंतु त्यांना ते पाठ होते. सप्टेंबर २०१५ मध्ये नाटकाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले होते. नाटकात निव्वळ गद्य संवाद जवळजवळ नाहीतच. त्यामुळे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला कथानकासह सारे नाटक कानांनी भेटले होते. न्यूयॉर्कपासून हजारो मैलांवरच्या शाळकरी मुलांना नाटकातील लांबलचक पदे मुखोद्गत होती. म्हणजे दौरा शहरात पोचला तो अनोळखी पाहुणा म्हणून नव्हे. ज्याची वाट पाहिली जात आहे असा घरचा माणूस म्हणून पोचला.

ही रीतही ‘ओक्लाहोमा!’पासूनची आहे. त्याच्या मूळ संचाच्या ध्वनिमुद्रिका १९४३ मध्येच निघाल्या होत्या. १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’चे सगळे भांडवलच एका ध्वनिमुद्रिका-नभोवाणी कंपनीने पुरविले होते. शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’वर ते नाटक आधारलेले आहे, त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ मराठीत आणली, हे वाचकांना ठाऊक आहेच. आणि नाटक गावात येण्याआधी गाणे घरात येते, हा अनुभव तर मराठी माणसाच्या रक्तातला आहे. बालगंधर्वांची पदे ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून ज्यांनी ऐकली, त्यांतील किती जणांना प्रत्यक्ष प्रयोगाचे दर्शन घडले असेल? पद आधीच ओठांवर असलेला प्रेक्षक नाट्यगृहात नवलाईसाठी येत नाही. जे मनात घोळत आहे ते डोळ्यांदेखत खरे होताना पाहण्यासाठी येतो. ‘वन्समोअर’ची हाकही त्यातूनच उठते.

यावरून एक जुना समज मात्र खोटा ठरतो. प्रतिकृती सुलभ झाली की मूळ वस्तूची ओढ कमी होते, असे मानले जाई. जुलै २०२० मध्ये, महासाथीमुळे सारी नाट्यगृहे बंद असताना, ‘हॅमिल्टन’च्या मूळ प्रयोगाचे चित्रीकरण घरोघरी उपलब्ध झाले. आता तिकीट काढून कोण जाणार, अशी शंका घेतली गेली असल्यास नवल नाही. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये डॅलस येथे ‘विकेड’च्या प्रयोगाने दौऱ्यांचे पुनरुज्जीवन झाले, सप्टेंबरात ब्रॉडवेवरील प्रमुख नाटके सुरू झाली, आणि ‘हॅमिल्टन’समोर प्रेक्षक पुन्हा येऊन बसले. घरी पडद्यावर पाहिलेले नाटक नाट्यगृहात पाहण्याची इच्छा विझविण्याऐवजी चेतविते, असाच याचा अर्थ होतो.

उत्साहाची किंमत

येथवर सारे आनंददायक आहे. अडचण सुरू होते ती तिकीटबारीपाशी. जागा मर्यादित आणि इच्छुक अगणित, अशा स्थितीत जागांचे वाटप कसे व्हावे? बाजाराचे उत्तर सोपे आहे: जो जास्त देईल त्याला. न्यूयॉर्कमध्ये ‘हॅमिल्टन’च्या उत्तमोत्तम जागांचा अधिकृत दर २०१६ मध्ये ८४९ डॉलरांवर नेण्यात आला. त्यामागील युक्तिवाद असा, की दलाल त्याहूनही अधिक भावाने तिकिटे विकतच आहेत. मग तो नफा दलालाने घेण्याऐवजी निर्मात्याने आणि कलावंतांनी का घेऊ नये? हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. संगणकाच्या साह्याने क्षणार्धात शेकडो तिकिटे गिळंकृत करणाऱ्या दलालांचा उपद्रव एवढा वाढला होता, की डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारला त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. परंतु दलालाचा भाव हाच न्याय्य भाव मानून अधिकृत दर त्याच्या जवळ नेणे, म्हणजे काळाबाजार बंद करण्यासाठी त्याला पांढरा रंग देण्यासारखे आहे.

दौऱ्यावरच्या शहरांत आणखी एक मार्ग रूढ आहे, तो हंगामी वर्गणीचा. वर्षभराच्या पाच-सात नाटकांची तिकिटे जो एकदम घेईल, त्याला गाजलेल्या नाटकाची जागा आधी मिळते. ‘हॅमिल्टन’ येणार असे कळताच अनेक शहरांत एक वर्ष आधीपासून वर्गणीदारांची संख्या वाढली. कारण चालू हंगामाची वर्गणी भरून ती पुढे कायम ठेवणाऱ्यालाच जागेची शाश्वती होती. यात संस्थेचा फायदा उघड आहे. एका लोकप्रिय नाटकाच्या बळावर चार अल्पपरिचित नाटकांनाही प्रेक्षक मिळतो. परंतु ज्या शिक्षकाला किंवा कारकुनाला महिन्याच्या पगारातून एकाच नाटकाचे तिकीट कसेबसे परवडते, तो एकदम सात नाटकांचे पैसे भरू शकत नाही. त्याच्या वाट्याला वर्गणीदारांनी उरविलेल्या जागा येतात. आणि त्याही पुष्कळदा दलालांच्या मार्फत!

याची जाणीव निर्मात्यांना नाही असे नाही. ‘हॅमिल्टन’च्या प्रत्येक प्रयोगाच्या काही जागा सोडत काढून १० डॉलरांना देण्यात आल्या. दहाच्या नोटेवर हॅमिल्टनचेच चित्र असल्यामुळे त्यात एक मार्मिकताही होती. त्याहून महत्त्वाचा प्रयोग शाळांच्या बाबतीत झाला. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सुमारे १५ लाख डॉलरांच्या साह्याने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांतील २० हजार विद्यार्थ्यांना प्रत्येकी १० डॉलरांत नाटक दाखविण्याची योजना २०१५ मध्ये जाहीर झाली, आणि पुढे ती दौऱ्यावरच्या शहरांतही नेण्यात आली. हे विद्यार्थी नुसते प्रेक्षक म्हणून येत नसत. त्या काळच्या मूळ कागदपत्रांचा अभ्यास करून त्यांवर स्वतः रचलेली पदे किंवा प्रवेश त्यांनी शाळेत तयार करावयाचे, आणि त्यांतील निवडक रचना प्रत्यक्ष त्या रंगमंचावर सादर करावयाच्या, अशी योजना होती. इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठी भेट कोणती?

असे असले तरी सोडत ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही. हजारो इच्छुकांतून चाळीस जणांचे नशीब उघडते आणि उरलेल्यांना आशेवर ठेवले जाते. विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेचे मोल यापेक्षा निश्चितच अधिक, कारण तिथे पात्रता नशिबाने ठरत नाही; शाळा ठरविते.

खुर्चीवर कोण बसणार?

राष्ट्रीय दौऱ्यात ‘राष्ट्रीय’ हा शब्द केवळ भौगोलिक नाही, याचे स्मरण अमेरिकेच्या इतिहासानेच करून दिले आहे. राजधानी वॉशिंग्टनमधील नॅशनल थिएटर हे दौऱ्यांचे मानाचे ठिकाण. परंतु तिथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांना प्रवेश नसे. नटांच्या संघटनेने अशा नाट्यगृहात काम करण्यास नकार दिला. तेव्हा भेदभाव सोडण्यापेक्षा मालकांनी १९४८ मध्ये नाटकेच बंद केली आणि तिथे चित्रपट लावले. १९५२ मध्ये सर्वांना दारे उघडूनच ते पुन्हा नाट्यगृह झाले. स्वतःच्या पोटावर पाय देऊन नटांनी प्रेक्षकांच्या हक्कासाठी घेतलेली ही भूमिका नाट्येतिहासात अभिमानाने नोंदविण्याजोगी आहे. आज प्रवेश रंगावरून नाकारला जात नाही. तो दरावरून नाकारला जाऊ लागला, तर ती माघारच ठरेल.

त्याच वॉशिंग्टनमध्ये २०२५ मध्ये वेगळा प्रसंग उद्भवला. केनेडी सेंटर या राष्ट्रीय कलाकेंद्राचे विश्वस्त मंडळ राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बदलले आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. त्यावर ‘हॅमिल्टन’च्या निर्मात्यांनी २०२६ मध्ये तिथे ठरलेले प्रयोग रद्द केल्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी बोलले गेले. तत्त्वासाठी नुकसान सोसले, असे समर्थक म्हणतात. राजकीय मतभेदासाठी प्रेक्षकांना वेठीला धरले, असे विरोधक म्हणतात. १९४८ च्या बहिष्काराशी याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु दोहोंतील भेद विसरता कामा नये. तेव्हाचा बहिष्कार प्रेक्षकांना आत आणण्यासाठी होता आणि त्याची मागणी स्पष्ट होती. आताच्या निषेधामागील भावना प्रामाणिक असली, तरी वाट पाहत असलेला प्रेक्षक त्यामुळे बाहेरच राहिला, हे नाकारता येत नाही.

आयात नाटक आणि घरचा रंगमंच

दौऱ्यांवर आणखी एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. न्यूयॉर्कमध्ये ठरलेले, एकाच साच्याचे नाटक सर्व शहरांत फिरते. त्यात पुष्कळदा गाजलेल्या चित्रपटांचीच नाट्यरूपे असतात. आणि रसिकांचा पैसा व वेळ त्यात गेल्यामुळे स्थानिक रंगभूमी उपाशी राहते. लॉस एंजेलिसमधील मार्क टेपर फोरम या नव्या नाटकांसाठी नावाजलेल्या रंगमंचावर २०२३ मध्ये आर्थिक अडचणीमुळे प्रयोग थांबवावे लागले, ते २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्याच शहरात ब्रॉडवेचे दौरे मात्र अव्याहत चालू होते. या दोन गोष्टींत सरळ कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे होईल. पण एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला टाळे, हे दृश्य निरोगी रंगभूमीचे लक्षण नव्हे.

तथापि दोष उत्साहाचा नाही. प्रथमच नाट्यगृहात पाऊल टाकणारा विद्यार्थी बहुधा मोठ्या, गाजलेल्या नाटकाकडेच येतो. त्याला दुसऱ्यांदा कुठे जावेसे वाटेल, आणि तिथे जाणे त्याला परवडेल काय, हा खरा प्रश्न आहे. दौऱ्यांवर नफा कमावणाऱ्या संस्थांनी त्यातील काही भाग स्थानिक नाट्यसंस्थांकडे वळविणे, प्रत्येक प्रयोगाच्या ठरावीक जागा माफक दरात राखून ठेवणे, आणि शाळांना हंगामाच्या व्यवस्थेत कायमचे स्थान देणे, हे उपाय अशक्य कोटीतले नाहीत.

हा प्रश्न आता मुंबईच्याही उंबरठ्यावर आला आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ मध्ये सुरू झालेल्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रातील २,००० आसनांच्या नाट्यगृहात त्याच वर्षी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’ यांचे प्रयोग झाले. २०२५ मध्ये ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ही तिथे आले. परदेशी संचाचे, संपूर्ण नेपथ्यासह येणारे संगीत नाटक पाहण्याची सोय झाली, हे स्वागतार्ह आहे. संगीत नाटकाची सुमारे दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या भूमीने त्याकडे न्यूनगंडाने पाहण्याचे कारण नाही आणि तुच्छतेनेही नाही. पण ज्या विद्यार्थ्याने या नाटकांतील गाणी वसतिगृहाच्या खोलीत ऐकून पाठ केली आहेत, त्याला त्या नाट्यगृहात जागा आहे काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रसिकाला आहे. हाच प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणच्या नाट्यगृहांच्या बाबतीतही विचारला पाहिजे, कारण तिथे दौरा येतो तेव्हा तिकीट परवडते. पण दौरा यावा अशी त्या वास्तूची अवस्था नसते.

नाटकाचा दौरा म्हणजे राजधानीने गावाला दिलेले एक वचन असते: तुम्हांला येता येत नाही, म्हणून आम्ही येत आहोत. लोहमार्गाच्या काळात ते नाटक आगगाडीने गेले, आज मालमोटारींतून जाते. अंतराचा अडसर त्याने दूर केला, यात संशय नाही. परंतु नाटक गावात आले आणि गावकरी मात्र दाराबाहेर राहिला, तर ते वचन अर्धेच पाळले गेले असे म्हणावे लागेल. प्रेक्षकांनी आपल्या उत्साहाने वचनातील स्वतःचा वाटा केव्हाच उचलला आहे. उरलेला वाटा तिकीटबारीमागे बसलेल्यांनी उचलावयाचा आहे.